ट्रॅक्टरचे तास

2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला आली आणि त्याच दिवसापासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर उतरला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि सुट्या भागांवरचा कर तर 18 वरून थेट 5 टक्के झाला. करापूर्वीची किंमत सात लाख धरली, तर आदल्या दिवशी 84,000 रुपये कर होता, तो 35,000 झाला. एका रात्रीत 49,000 रुपये वाचले. कित्येकांनी बुकिंग करून ताबा या तारखेपर्यंत थांबवून ठेवला होता. मग नवरात्र, दसरा, धनत्रयोदशी या सगळ्या दिवसांत शोरूमच्या आवारात झेंडूच्या माळा, नारळ, पेढे आणि आख्खं घर ट्रॉलीत बसवून गावाकडे निघालेले नवे ट्रॅक्टर.

त्याच आठवड्यात मराठवाड्यावर आणि सोलापूर जिल्ह्यावर आभाळ फाटलं. सीनेचं पाणी माढा, मोहोळकडच्या गावांत शिरलं. पिकं गेली, जनावरं गेली आणि दारात, वस्तीवर उभे असलेले ट्रॅक्टर बुडाले. ज्यांच्या ट्रॅक्टरवर अजून तीन-चार वर्षांचे हप्ते बाकी होते, ते पाणी ओसरल्यावर सायलेन्सरमधून गाळ काढत होते. शेतकऱ्याच्या आयुष्यात जमिनीखालोखाल मोठी असलेली ही खरेदी किती तोलून करायला हवी, आणि केल्यावर किती जपायला हवी, हे त्या पंधरवड्याने दोन्ही अंगांनी दाखवलं.

भारतात वर्षाला नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात. संख्येने ही जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ. त्यात सर्वाधिक खप 40 ते 50 हॉर्सपॉवरच्या मधल्या गटाचा. दोन फाळी पलटी नांगर ओढावा, सहा फुटी रोटाव्हेटर फिरवावा, मळणी यंत्र चालवावं आणि हंगामात कारखान्याला उसाच्या ट्रॉल्याही न्याव्यात, अशी सगळी कामं एकाच यंत्राकडून हवी असणाऱ्या घराला हाच गट सोयीचा पडतो. पण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. सव्वातीन एकरांना 45 हॉर्सपॉवर कशाला, असा प्रश्न शहरात बसून विचारणं सोपं आहे.

उत्तर वाफशात आहे. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की पेरणीला मिळतात मोजके दिवस, आणि ते दिवस आख्ख्या गावाला एकाच वेळी मिळतात. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मालकाच्या रानात जातो, मग भावकीत, मग रोख पैसे देणाऱ्याकडे. पाळी येईपर्यंत ओल उडालेली असते किंवा पुढचा पाऊस येऊन चिखल झालेला असतो. ज्याची पेरणी दोनदा अशी मागे पडली, तो तिसऱ्या वर्षी हप्त्याचा विचार करायला लागतो. त्याला हौशी म्हणणं अन्यायाचं आहे. वेळ हातात असावी म्हणून तो पैसे मोजतो. अडचण पुढे येते, कारण वाफशाचे दिवस दहा असतात आणि हप्ता बारा महिने चालतो.

म्हणून मला वाटतं, ट्रॅक्टर घ्यायच्या आधी हॉर्सपॉवरचा प्रश्न बाजूला ठेवून तासांचा प्रश्न विचारावा. डॅशबोर्डवर तास मोजणारं जे मीटर असतं, ते वर्षाला किती पुढे सरकणार आहे? घरच्या रानाचा हिशेब फार अवघड नाही. एकरभर नांगरटीला दोन तास, रोटरला तास-दीड तास, पेरणीला एक, वर थोडी वाहतूक. हंगामाला एकरी पाच तास धरले आणि दोन हंगाम घेतले, तर दहा एकरांच्या बागायतदाराचेही शंभर तासच भरतात. सव्वातीन एकरवाल्याचे तेहतीस.

आता दुसरी बाजू. आठ लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षांनी दोन लाखांना विकला असं धरलं, तर घसारा वर्षाला 60,000. गुंतलेल्या सरासरी पाच लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज 50,000. विमा, निवारा आणि किरकोळ मिळून 15,000. ट्रॅक्टर जागचा न हलताही सव्वा लाख रुपये खर्च झाला. यंत्रशास्त्राच्या हिशेबात ट्रॅक्टरचं काम वर्षाला 1000 तास आणि आयुष्य दहा वर्षं धरायची पद्धत आहे. 1000 तास चालला तर तासाला 125 रुपये हा उभा खर्च. 500 तास चालला तर 250. अडीचशेच तास चालला तर तासाला 500 रुपये, म्हणजे तासाभरात लागणाऱ्या चार-पाच लिटर डिझेलपेक्षाही जास्त. शंभर तासांचं गणित ज्याने त्याने स्वतः करून पाहावं. यात नांगर, रोटर, ट्रॉली, पेरणी यंत्र यांची किंमत धरलेलीच नाही, आणि त्यांचा खर्च काही लाखांत सहज जातो.

उरलेले तास गावात शोधावे लागतात, आणि ते मुलखानुसार बदलतात. पश्चिम महाराष्ट्रात ऊसवाहतूक आहे. चार-पाच महिने मीटर पळतं, पण तोडणी टोळीला दिलेली उचल बुडाली तर ट्रॅक्टर विकायची पाळी येते, असंही तिथे घडतं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात दोन ओळींतून जाणारा अरुंद, लहान ट्रॅक्टर ब्लोअर लावून वर्षभर फिरतो. मधल्या गटाच्या ट्रॅक्टरला बागेत शिरताच येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनला रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ यंत्र आलं तशी पेरणीच्या भाड्याला मागणी वाढली. मात्र कपाशी गुडघ्याएवढी झाली की तिथे कोळपं आणि बैलच लागतात. भंडारा-गोंदियाला आणि कोकणात चिखलणी असते. शेजारी किती ट्रॅक्टर आहेत, भाडेदर काय, उधारी किती दिवसांनी मिळते, हे जो आधी लिहून काढतो तो शोरूममध्ये वेगळ्याच तयारीने शिरतो. काहींचं उत्तर तेव्हा असं निघेल की तीन भावांत मिळून एक घ्यावा, किंवा शेतकरी गटाच्या अवजार बँकेत उतरावं. ते उत्तर आलं तर ते मानायची हिंमत ठेवावी.

शोरूममध्ये पहिला आकडा सांगतात तो इंजिनाच्या हॉर्सपॉवरचा. रोटर, मळणी यंत्र, ब्लोअर हे सगळं चालतं पीटीओवर, म्हणजे अवजाराला शक्ती देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, आणि तिथे पोचेपर्यंत गिअर, बेअरिंग, पंप आपापला वाटा काढून घेतात. 45 चा ट्रॅक्टर पीटीओवर साधारण 38 ते 41 देतो. दोन कंपन्यांच्या 45 मध्ये इथे फरक पडतो, आणि तो माहितीपत्रकापेक्षा बुधनीच्या अहवालात नीट दिसतो. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे ट्रॅक्टर पीटीओवर बांधून शक्ती आणि डिझेलचा खप मोजतात, ओढ मोजतात, रानात नांगरटीला आणि चिखलणीला घालतात, शेवटी इंजिन खोलून झीजही मोजतात. लिफ्ट किती किलो उचलते हे लिंकच्या टोकाशी वेगळं आणि त्यामागे 610 मिलिमीटरवर वेगळं नोंदवतात. जाहिरातीत बहुधा पहिला, मोठा आकडा असतो, आणि पलटी नांगराचं वजन पडतं ते मागच्या बाजूला. हे अहवाल जनतेसाठी खुले आहेत. आठ लाखांच्या खरेदीआधी ते चाळणारे शेतकरी मात्र थोडे, आणि याचा दोष मी शेतकऱ्याला देणार नाही. अहवाल इंग्रजीत, तांत्रिक भाषेत असतात. कृषी विद्यापीठांनी खपाच्या वीस-पंचवीस मॉडेलांचा मराठी तुलनातक्ता दरवर्षी छापला, तर त्याचा उपयोग एखाद्या अनुदानाइतका होईल.

मधल्या गटात 49 किंवा साडेएकोणपन्नास हॉर्सपॉवरची एवढी मॉडेलं का, याचं कारणही जाणून घ्यावं. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-4 हे कडक निकष लागू झाले. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं इंजेक्शन आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा लागते. किंमत वाढते आणि दुरुस्तीला स्कॅनर लागतो. पन्नासच्या आतल्या बहुतेक ट्रॅक्टरांत अजून जुन्या धाटणीचा यांत्रिक पंप आहे, जो तालुक्याचा पंपवाला खोलून नीट करू शकतो. स्वच्छ हवेच्या बाजूने नवे निकष योग्यच आहेत. पण ऐन पेरणीत बंद पडल्यावर जिल्ह्याहून माणूस यायला तीन दिवस लागणार असतील, तर आज पन्नासच्या आतच राहावं, असं माझं मत. याच न्यायाने ब्रँड निवडताना मी शोरूमपेक्षा गॅरेजला जास्त महत्त्व देईन. आपल्या तालुक्यात कोणत्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट दुपारी मागितली तर संध्याकाळी मिळते? कोणता ट्रॅक्टर खोलायला मिस्त्री कचरत नाही? 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत सुरू झालेली आजची महिंद्रा, दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत आराखडा होऊन 1974 पासून पंजाबात बनू लागलेला स्वराज, चेन्नईचा मॅसी फर्ग्युसन, पुण्याजवळ सणसवाडीला बनणारा जॉन डिअर. प्रत्येकाचे पट्टे ठरलेले आहेत, आणि त्या पट्ट्यात त्याच्या मिस्त्र्यांची पिढी तयार झालेली आहे.

पर्याय निवडताना तेलातले ब्रेक घ्यावेत, पॉवर स्टिअरिंगही घ्यावं; दिवसभर रोटर चालवणाऱ्याच्या खांद्यांना ते कळतं. रोटर किंवा बेलर चालवायचा असेल तर डबल क्लच हवाच, नाहीतर गिअर बदलताना पीटीओ थांबतो आणि काम तुटतं. रोटर ट्रॅक्टरच्या ताकदीला जुळणारा असावा. मोठा रोटर घेऊन एकरी वेळ वाचवायला गेलेल्यांचे पैसे क्लचमध्ये जातात.

कर्जाविषयी थोडक्यात. राष्ट्रीयीकृत बँक वेळ लावते, सातबारावर बोजा चढवते, पण व्याज कमी असतं आणि हप्ते पिकाच्या पैशांनुसार सहामाही किंवा वार्षिक बांधून मिळतात. फायनान्स कंपनी दोन दिवसांत ट्रॅक्टर दारात आणते. त्या घाईची किंमत व्याजात असते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमतीपत्र हातात पडण्याआधी बिल करू नये. आधी खरेदी केली की अनुदान जातं, आणि अशी हळहळणारी माणसं गावोगाव भेटतात.

आता निगा. ट्रॅक्टर कामाने फार झिजत नाही, धुळीने झिजतो. उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटर चालतो किंवा मळणी यंत्र भुसा उडवतं, तेव्हा इंजिन त्या ढगातूनच श्वास घेत असतं. एअर क्लीनरच्या रबरी नळीला एक चीर असली किंवा पट्टी ढिली असली, तरी ती बारीक धूळ थेट लायनरमध्ये जाते आणि रिंगा खाते. हजारो तास चालायचं इंजिन एका हंगामात धूर टाकायला लागतं. ऑइलवाल्या एअर क्लीनरचा वाडगा धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहायला हवा. तळाला गाळ बसला की तेल बदलायचं. कोरड्या कागदी फिल्टरचं उलटं आहे. तो फार वेळा साफ केला तर बिघडतो. टायरवर आपटून धूळ झाडायची सवय सर्रास दिसते. त्याने कड वाकते आणि फटीतून धूळ आत जायला वाट मिळते. जोराच्या हवेने कागद फाटतो तो वेगळाच. हलकी हवा, आतून बाहेर, आणि कंपनीने सांगितलेल्या वेळी नवा फिल्टर, इतकंच करायचं.

डिझेलचं दुखणं पाण्याचं. कॅनमधून, उघड्या नरसाळ्याने, वस्तीवर भरलेल्या डिझेलबरोबर पाणी आणि कचरा जातो आणि पंप-नोझलचं काम हजारांत निघतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर रात्रीच्या गारव्याने रिकाम्या टाकीत धरणारं दव टळतं. फिल्टरखालचा बोल्ट अधूनमधून ढिला करून पाणी काढून टाकावं. डिझेल संपेपर्यंत चालवलं की लाइनला एअर धरते, मग भर उन्हात पाना घेऊन ती काढत बसावं लागतं.

पहिली सर्व्हिस पन्नास तासांच्या सुमारास येते आणि ती चुकवण्यासारखी नसते. नव्या इंजिनाची, गिअरची पहिली झीज त्या तेलात उतरलेली असते. पुढे इंजिन ऑइल बहुतेक मॉडेलांत अडीचशे तासांच्या आसपास, गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल हजाराच्या सुमारास. नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. ही पुस्तिका मराठीतही मिळते, आणि पुष्कळ घरांत ती आरसी बुकाबरोबर कपाटात कोरी पडून राहते. ती वाचायची गरज मालकापेक्षा चालकाला असते. चालक गडी असेल तर त्याला बसवून समजावून द्यावं, सर्व्हिसला त्यालाच पाठवावं. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय, रोज ग्रीस गन हातात घ्यायचा कंटाळा, पाणी तापलं तरी दामटणं हे सगळं त्याच्याशी गोडीने बोलूनच सुटतं. त्याला तासावर बक्षीस देणारे मालक आहेत. ट्रॅक्टर वर्षभर न बिघडल्याबद्दल बक्षीस दिलं तर जास्त पैसे वाचतील.

हायड्रॉलिकच्या दोन दांड्यांपैकी एक बहुतेकांच्या वापरात नसते, तिच्याविषयी थोडं सांगायलाच हवं. एक दांडी अवजार किती उंचीवर राहावं ते ठरवते. दुसरी ओढ पाहते. नांगर कडक जागी अडला की वरच्या लिंकवर दाब येतो, तो हायड्रॉलिकला कळतो, नांगर किंचित वर येतो आणि कडक जागा सरली की पुन्हा खाली बसतो. हॅरी फर्ग्युसन या आयरिश तंत्रज्ञाने ही रचना गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. नांगर अडकल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलून चालकाच्या अंगावर पडायचे, ते थांबवणं हा तिचा एक मोठा हेतू होता. आज आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत ती आहे. काळ्या रानात मध्येच मुरमाड पट्टा लागतो तिथे ही दांडी नीट लावली तर चाक घसरत नाही, डिझेल वाचतं, इंजिन दबत नाही. शोरूममधून ताबा देताना ती रानात चालवून दाखवा, असा हट्ट धरावा. चाक फार घसरत असेल तर मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हा जुना आणि बरोबर उपाय आहे; रस्त्यावर कमी हवेने चालवणं आणि रानात जास्त हवेने, हे दोन्ही टायर खातं.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर रंगाकडे पाहू नये. सकाळी, इंजिन थंड असताना जावं. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर तिथेच शंका घ्यावी. चालू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ब्रीदरमधून भकाभक वाफ येत असेल तर रिंगा गेल्या आणि इंजिन बांधायला आलं. नांगर उचलून इंजिन बंद करावं. थोड्याच वेळात नांगर खाली आला तर हायड्रॉलिक गळतंय. तास-मीटर बदलता येतं, पण क्लचच्या पेडलची झीज आणि ट्रॉली जोडायच्या पट्टीची वाढलेली भोकं खरं सांगतात. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरचं पहिलं पथ्य हे की स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. बॅटरीची वायर काढावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच कळवावं, मगच मिस्त्री बोलवावा. नोझल काढून इंजिन हाताने फिरवणं, इंजिन, गिअर, हायड्रॉलिक आणि स्टिअरिंगचं तेल काढणं, डिझेलची टाकी धुणं, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरणं हे सगळं झाल्यावरच चावी. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर नवं भरून थोडं चालवून तेही पुन्हा बदलावं लागतं. आणि पुरानंतरच्या एक-दोन वर्षांत बाजारात स्वस्तात येणाऱ्या, नव्याने रंगवलेल्या ट्रॅक्टरांची आरसी कोणत्या गावची आहे ते ग्राहकाने पाहावं.

एका गोष्टीबद्दल बोलताना मला शांत राहता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात शेतमजूर महिलांना कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि 7 जणींचा जीव गेला. ट्रॉली माणसं न्यायला बनलेली नाही, आणि तरीही निंदणीच्या, काढणीच्या दिवसांत सकाळी आठ वाजता प्रत्येक रस्त्यावर ती माणसांनी भरलेली दिसते, कारण रानापर्यंत जायला दुसरं वाहन नसतं. कठडा नसलेल्या विहिरी हा दुसरा अपराध. ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाला वाचवणारी पोलादी चौकट स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांना सक्तीची केली आणि तिथले असे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे रानात दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नाही. छत्री मात्र आहे. पीटीओच्या शाफ्टवरचं आवरण पहिल्याच हंगामात काढून फेकलेलं असतं. मळणीच्या वेळी पदर, ओढणी, उपरण्याचं टोक त्यात अडकायला एक क्षण पुरतो. ते आवरण काही हजारांना मिळतं.

उसाचा हंगाम आला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर उतरतात. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरहून वेगळे असतात. शेतीच्या विम्यावर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहताना अपघात झाला तर दावा अडतो, हे एजंटकडून आधीच लेखी समजून घ्यावं. मागे लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवा हवा. पंक्चर झालेली ट्रॉली दगड लावून रस्त्यातच सोडून जाऊ नये. आणि ब्रेकची दोन्ही पेडलं, जी रानात वळण घेण्यासाठी वेगळी ठेवलेली असतात, ती डांबरी रस्त्याला लागण्याआधी कडी घालून एकत्र जोडावीत. भरलेल्या ट्रॉलीसह वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. ती कडी पेडलजवळच असते. पुष्कळ ट्रॅक्टरांवर ती गंजून घट्ट बसली आहे. थोडं ग्रीस लावलं की सुटते.